तीन नंबरच्या मशीनवरची पत्रं

फुलसिंगा, आधी ते एक सांगून मोकळा होतो, मग बाकीचं. तीन नंबरच्या मशीनवरून दर बाजारच्या दिवशी मी जी पत्रं धाडत होतो ना, ती सुमनला होती. माझ्या सुमनला. माझ्या लेकीला. घे! सांगितलं! पाच वर्षं ही गोष्ट छातीशी धरून बसलो, आणि आता सांगायला तोंड उघडलं तर तू ऐकायला न्हाईस. तू गेलास त्याला आज बारावा दिवस. मी पेन घेऊन बसलोय. किती सांगू आणि किती नको असं झालंय.

तुझ्याच दुकानात, तुझ्याच खुर्चीवर, तुझ्या डोळ्यासमोर बसून लिहायचो मी. आणि तू चहाचा कप घेऊन मागं उभा राहून मला शिव्या घालायचास. "ग्यानबा, पोरीला हाक मार. कसला बाप हायेस तू? दगड तरी उन्हानं तापतो." मी मान वर न करता म्हणायचो, "तू तुझं काम कर." आणि त्याच टायमाला माझं बोट तिच्या नावातल्या 'म'वर असायचं, फुलसिंगा! हसू दाबत मी पुढचं बटन शोधायचो.

तू लगेच म्हणशील, तेव्हाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काही बिघडलं नसतं. पण मी मारुतीच्या पारावर भावकीसमोर शपथ खाऊन बसलो होतो. सुमननं सासर सोडलं, कुणाला न विचारता एकटी हैदराबादला गेली, तेव्हा माझा चुलतभाऊ गंगाराम चार माणसांत म्हणाला, "लेक सांभाळता येत न्हाई आन् लोकाचे बैल इकतो." मी ताडकन उठलो. म्हणालो, "आजपासून ह्या तोंडातून तिचं नाव निघणार न्हाई." मग न्हाई काढलं. मी असा. बैलाचा सौदा मोडला तर मोडला, पण दिलेला शब्द कधी फिरवला न्हाई, ही माझी बाजारातली इज्जत. ती शपथ मूर्खपणाची होती हे घरी पोचायच्या आधीच कळलं होतं. पण कळणं येगळं आणि पारावर जाऊन माघारी घेणं येगळं.

तुझं दुकान आठवलं की अजून अंगात वारं भरतं बघ. सारी जिंदगी तू टेलिफोनच्या खांबावर चढलास. रिटायर झाल्यावर माणूस पिठाची गिरणी टाकतो, किराणा टाकतो. तू आपल्या जवळा बाजार गावात इंटरनेट टाकलंस! लोक म्हणाले, फुलसिंगच्या डोक्यात तार शॉर्ट झाली. तीन मशीन, तीन खुर्च्या, मधी साडीचे पडदे, बाहेर हातानं रंगवलेली पाटी. मी पहिल्यांदा आत आलो आणि म्हणालो, "हे तर टीव्ही हाय, पर सिनेमा दिसत न्हाई. मग हाय काय ह्याच्यात?"

तू कसा उजळलास तेव्हा! म्हणालास, "ग्यानबा, आमचा आज्जा काय करायचा?"

"बैलाच्या पाठीवर मीठ व्हायचा. ते समद्या जिल्ह्याला म्हाईत हाय."

"मग हे तेच हाय. तांडा! हिकडचा माल तिकडं. निस्ता माल दिसत न्हाई आन् बैल बी दिसत न्हाई."

"आन् वाटंत कुणी गोणीत हात घातला तर?"

तू डोकं खाजवलंस. म्हणालास, "घालू शकतो. गोणीचं तोंड उघडंच असतं बहुतेक." मला ते लई लागलं बघ. एवढी मोठी तार, सातासमुद्रापार जाते म्हणे, आणि गोणी उघडी?

मला ते काहून लागलं, ते बी आज सांगतो. सुमनच्या सासरी टपालवाला पत्र आणायचा ते आधी तिच्या सासऱ्याच्या हातात जायचं. तो बैठकीत बसून, चष्मा लावून, मोठ्यानं वाचायचा. तिचं आलेलं बी वाचायचा, तिनं लिहिलेलं बी. वाचून झालं की मग पाकिटाला डिंक. दोन वर्षं मला पत्र येत होतं, "मी खुशाल आहे, काळजी करू नये." दर वेळी तेच, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई. मी दुसरी पास, तिसरीत कधी बसलो न्हाई, पण ते वाक्य मला वाचता यायचं आणि मी खुश व्हायचो. लेक खुशाल! अरे, जी लेक चार ओळीत बैलाची, आईची, मांजराची चवकशी करायची, ती दोन वर्षं एकच वाक्य लिहिते, आणि बापाला शंका येत न्हाई? बैलाचं खोटं दात बघून ओळखणारा मी. लेकीच्या पत्राचं खोटं मला ओळखता आलं न्हाई. तिच्या अंगावर काय काय झालं ते मला ती हैदराबादला गेल्यावर कळलं, तिच्या मामाच्या तोंडून.

हैदराबादला ती कम्प्युटरच्या कामाला लागली होती. त्याच मामाच्या हातानं तिनं मला एक चौकोनी काळी चपटी वस्तू धाडली, आणि एक कागद. कागदावर लिहिलं होतं, "बाबा, जवळा बाजारात नेट आहे म्हणतात. ही फ्लॉपी तिथं द्या. आता आपलं पत्र आपल्या दोघांशिवाय कुणी वाचणार नाही." ती कागदाची घडी अजून माझ्याजवळ हाय.

मी फ्लॉपी तुझ्याजवळ आणली तो दिवस तू विसरला नसशील. कशात आणली? तंबाखूच्या चंचीत! मी म्हटलं, जिवाची वस्तू जिवाच्या जागी ठेवावी. मशीनमधी घातली तर घर्र घर्र आवाज, आणि चुन्याचा वास. तू कपाळाला हात लावलास. "ग्यानबा, हिला तंबाखू खाऊ घातलास व्हय?" मग अर्धा दिवस तू कापूस आणि स्पिरिट घेऊन ती पुसत बसलास, आणि ती चालली! आत काय हाय ते बघून तू खुर्चीवरून उठलास. "हे तर कुलूप हाय! पत्राला लावायचं कुलूप! कुणी दिलं?"

"तुला काय करायचं?"

"बरं, न्हाई इचारत." आणि खरंच इचारलं न्हाईस. त्या दिवशी न्हाई, नंतर कधीच न्हाई. उलट चार दिवस बसून तूच ते कुलूप आधी शिकलास, आणि मग मला शिकवायला बसलास. दोन किल्ल्या असतात, एक जगाला वाटायची, तिनं निस्तं बंद करता येतं. दुसरी आपल्याजवळ, तिनंच उघडतं. तू कागदावर चित्रं काढून काढून घामाघूम झालास. तुला वाटत होतं ह्या म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरत न्हाई.

मी म्हणालो, "येवढंच ना? ही तर दस्ती हाय."

तू बघतच राहिलास. मग मी तुझा हात धरला, वर खांद्यावरची दस्ती टाकली आणि खालून तुझी बोटं दाबली. भर बाजारात, शंभर माणसं भवती उभी असताना, आमी हेडे लोक, बैलाचे दलाल, असाच सौदा करतो. घेणाऱ्याचा हात, दलालाचा हात, वर रुमाल. बोटावर भाव ठरतो. बघणाऱ्याला दिसतं की सौदा चालू हाय, कुणात चालू हाय, पण काय चालू हाय ते दोन हातांबिगर कुणालाच न्हाई. तू टाळी दिलीस मला! म्हणालास, "साल्या, मला चार दिवस लागले आन् तुला जन्मताच येत व्हतं!" त्या दिवशी मी घरी चालत गेलो, जीपमधी बसलो न्हाई. छाती जीपमधी मावली नसती.

मग तू 'कखग'ची चिटोरी कापून बटनांवर चिकटवलीस. माझी बोटं बैलाचं दावं ओढलेली, दर आठवड्याला दोन-चार अक्षरं निघून यायची. तू पुन्हा चिकटवायचास. "ग्यानबा, आज 'ढ' खाल्लास." "माझंच हाय, परत दे." एक ओळ लिहायला एक तास. पण सुमनचं पत्र आलं की आधी निस्ता कचरा दिसायचा, वाकडी तिकडी अक्षरं, आणि मी बटन दाबलं, माझा गुपित शब्द घातला की त्या कचऱ्यातून माझी लेक बोलायला लागायची! काय बोलायची ते तुला बी सांगणार न्हाई. तू मेलास म्हणून काय झालं? आमच्या दोघांचं हाय ते.

आता भांडणाचं. ते अजून मिटलेलं न्हाई, लक्षात ठेव.

लांबच्या कुठल्या शहरात स्फोट झाला आणि वरून हुकूम आला, नेट कॅफेत येईल त्याचं नाव, गाव, टाइम रजिस्टरात लिहा, सही घ्या, ओळखपत्र बघा. तू रजिस्टर आणलंस. मी म्हणालो, मी सही करणार न्हाई.

"काहून?"

"तुला माझं नाव ठाव न्हाई का? तीस वर्षं ओळखतोस."

"सरकारला पाहिजे."

"सरकारला म्हणावं, बाजारात ये, मला कुणी बी दाखवील. मी काय चोर हाय, येताना सही, जाताना सही?"

"ग्यानबा, नाव लिव्हणं येगळं, पत्र दाखवणं येगळं. नाव तर समद्यांनाच लिव्हावं लागतं."

"आज नाव मागतेत, उद्या पत्र मागतील." मी पेन ठेवला आणि तीन नंबरवर जाऊन बसलो. तू रजिस्टर तुझ्याकडं ओढलंस. मला वाटलं, जिंकलो. तू माझ्या जागी काय करत होतास, ते मला वर्षभरानं कळलं.

आणि कळलं कशानं? भज्यानं!

चूक माझी. मला पत्राची कागदावरची प्रत काढून घ्यायची हौस. एक दिवस घाईत उघड्या पत्राऐवजी कुलूप लावलेलंच छापलं. दोन कागदभर कचरा निघाला. मी तो तिथंच टाकला. तू तुझ्या सवयीनं रद्दी शेजारच्या भजेवाल्याला दिलीस. आणि त्याच बाजारच्या दिवशी तपासणीला बाहेरून आलेल्या पथकातल्या शिपायानं त्याच कागदावर गरम भजी घेतली. भजी खाल्ली, बोटं पुसली, आणि कागद बघून त्याचे डोळे मोठे झाले. "साहेब, हे बघा. कोड हाय!"

मी बैलाजवळ होतो. कुणीतरी पळत सांगत आलं, फुलसिंगला पोलिसांनी धरलं. मी दस्ती खांद्यावर टाकून तसाच आलो. दुकानात तरणा फौजदार, हातात तो तेलकट कागद, दुसऱ्या हातात रजिस्टर. दारात सारा बाजार गोळा, आणि पहिल्या रांगेत गंगाराम.

फौजदार तुला म्हणत होता, "तीन नंबरवर फुलसिंग. काउंटरवर पण फुलसिंग. दर बाजारच्या दिवशी तीन नंबरवर फुलसिंगच. तू काय जुळा आहेस का?"

"साहेब, दुकान माझं. बसतो मी कुठं बी."

"आणि हे लिहितो कोण? काय कट शिजतोय इथं?"

"काही शिजत न्हाई, साहेब."

"मग हे काय ते सांग. नाहीतर मशीनसकट चल."

तवा मला उमगलं. मी सही केली न्हाई म्हणून दर खेपेला माझ्या ओळीत तू तुझं नाव लिहिलंस. माझी मिजास तू तुझ्या अंगावर घेतलीस. आणि आता तू तिथं मान खाली घालून उभा होतास, फंडाच्या पैशाची तीन मशीन मागं, आणि तरी माझं नाव घेत नव्हतास.

मी म्हणालो, "तो कागद माझा."

फौजदारानं माझं धोतर बघितलं, पटका बघितला. "बाबा, तुम्हाला कम्प्युटर येतो?"

"काहून, तुमाला येत न्हाई का?"

बाजार हसला. तो न्हाई हसला. "काय लिहिलंय ह्यात?"

"पत्र हाय."

"कुणाला?"

"ज्याला लिहिलं त्याला."

"साधं पत्र आहे तर लपवता कशाला? मन साफ आहे तर उघडून दाखवा. आत्ता, इथंच."

फुलसिंगा, मी कात्रीत सापडलो. उघडलं की पहिल्या ओळीत सुमनचं नाव. खाली तिच्या जिवाचं सारं. आणि दारात गंगाराम. पुन्हा तिचं पत्र भर बैठकीत मोठ्यानं वाचलं जाणार, ह्या खेपेला तिच्या बापाच्या हातानं! आणि न्हाई उघडलं तर तुझं दुकान जाणार. मी तुझ्याकडं बघितलं. तू एवढंच म्हणालास, हळू, "उघडू नको. नेऊ दे मशीन."

मग मला काय सुचलं देवाला ठाव. मी म्हणालो, "साहेब, हात द्या."

त्यानं बावचळून हात पुढं केला. मी वर दस्ती टाकली आणि बोटं दाबली. आणि ऐक, त्याच्या बोटांनी उलटा भाव दिला! शेतकऱ्याचंच पोरगं ते! आज्याबरोबर बैलबाजार केलेलं! त्याला स्वतःलाच हसू फुटलं. मी गर्दीला इचारलं, "काय ठरलं आमचं, सांगा कुणी?" कुणाला सांगता येतंय! मी म्हणालो, "साहेब, भर दिवसा, समद्यांसमोर, आपण दोघं लपवून बोललो. मग आपण दोघं चोर का?"

"बाबा, बैलाचं वेगळं."

"येगळं न्हाई. आन् दस्तीखाली दोन हात असतेत. मी एकटा कशी काढू? दुसऱ्या हाताला इचारावं लागंल."

"विचारा मग. मी थांबतो."

त्याच्यादेखत मी बसलो आणि एक-एक बटन दाबत लिहिलं, "फौजदार पत्र मागतो. दाखवू का." नाव न्हाई, गाव न्हाई. कुलूप लावून धाडलं. तास गेला. दोन गेले. फौजदारानं भजी मागवली, ह्या खेपेला ताटलीत. दुपारी सुमनचं उत्तर आलं. मी मशीनला अंगाचा आडोसा करून उघडलं. "दाखवू नका. माझा हा नंबर साहेबांना द्या. मी बोलते."

तो बाहेर लिंबाखाली जाऊन बोलला. बराच वेळ बोलला. तिनं त्याला काय सांगितलं ते मी तिला अजून इचारलं न्हाई. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. गर्दीला म्हणाला, "घरगुती पत्र आहे. चला, बाजार करा आपापला." गंगाराम मान लांब करून म्हणाला, "पर कुणाचं हाय साहेब?" फौजदार म्हणाला, "तुमचं नाही." बस्स! त्या माणसाला त्या दिवशी मी मनातल्या मनात राम राम केला.

तरी तीन नंबरचं मशीन नेलंच त्यांनी. वर काहीतरी दाखवावं लागतं म्हणे. दोन महिन्यांनी आलं, माऊस गायब. आणि तू मशीन आल्या दिवशी रजिस्टर माझ्यापुढं ठेवून म्हणालास, "आता तरी लिव्ह. मी तुझ्यासाठी खोटं लिहिलं ही माझी चूक. नाव लिव्हायचं, पत्र दाखवायचं न्हाई. सरळ रेघ हाय." मी सही केली. पण पटलं न्हाई मला, आजबी न्हाई. फौजदाराच्या हातात नावांचं रजिस्टर होतं, तरी त्यानं भज्याच्या कागदावरून कट शोधला. ज्याला मुळात शक घ्यायचाय त्याला नाव किती दिलं तरी कमीच. ह्यावर तू काय बोलला असतास मला ठाव हाय. बोल ना! बोल! एवढं एक भांडण अर्धं टाकून जातं का कुणी?

आणि एक गोष्ट. त्या दिवसापासून तू एकदाही मला "पोरीला हाक मार" म्हणाला न्हाईस. मला वाटलं, थकला. आता हे लिहिताना वाटून राहिलं, तुला कळलं असंल. फौजदारानं न्हाई सांगितलं, मी न्हाई सांगितलं, तरी कळलं असंल. आणि तू गप राहिलास, मी सांगंपर्यंत. आणि मी सांगितलं न्हाई. हे एकच मला गिळता येईना. बाकी सारं गिळलं.

परवा तुझ्या दहाव्याला तांड्यावर सारी माणसं जमली होती. तुझ्या घरच्या, आमच्या शांतावहिनी, भिंतीला टेकून बसलेल्या, कुणाशी बोलत नव्हत्या. जीप आली आणि सुमन उतरली. रातभर प्रवास करून आलेली. मी तिला फोनवर एवढंच बोललो होतो की, फुलसिंगकाका गेला. ती बायकांत जाऊन बसायला निघाली, माझ्याकडं न बघता. तिला माझी शपथ ठाव हाय, ती माझी इज्जत राखून चालली होती, फुलसिंगा! माझी इज्जत! गंगाराम माझ्या बाजूलाच बसला होता.

मी उभा राहिलो. गुडघे कडकड वाजले. म्हणालो, "सुमन!"

ती जागच्या जागी थांबली.

"सुमन, हिकडं ये बाई. बापाजवळ बस."

ती आली. बसली. माझा हात धरून बसली, उघडा, समद्यांच्या समोर. गंगारामला राहवेना. म्हणाला, "आरं, म्हंजी ती पत्रं पोरीला व्हती व्हय? येवढी वर्षं काय लिव्हत व्हतात बापलेक?"

मी म्हणालो, "शपथ मोडली, ती माझी व्हती. पत्र दोघांचं हाय. ते तुला काहून सांगू?"

त्याचं तोंड असं काही झालं की सुमन फसकन हसली. दुखाच्या घरात हसली म्हणून तोंडावर पदर घेतला, तरी हसू थांबंना. मी घाबरून वहिनींकडं बघितलं. वहिनी तिच्याकडंच बघत होत्या, आणि त्यांच्या बी ओठाचा कोपरा हलला, फुलसिंगा. दहा दिवसांत तुझ्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं, आणि ती माझी लेक होती.